पत्ता माणसाचा की पदाचा?

कचेरीतील सर्वांनी मिळून वापरायची संगणकावरची पत्तावही ही वरवर साधी गोष्ट वाटते. नावाची दोन-चार अक्षरे टंकली, की पूर्ण नाव, हुद्दा आणि ई-मेलचा पत्ता समोर येतो. यामागची कल्पना चांगली आहे. प्रत्येकाने स्वतंत्र वही बाळगण्याऐवजी मध्यवर्ती संगणकावर एकच वही ठेवायची, दुरुस्ती एकदाच करायची आणि ती सर्वांना दिसावी. याच हेतूने १९८८ साली 'एक्स.५००' हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. ते फार अवजड होते. म्हणून १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात 'एलडॅप' ही सुटसुटीत पद्धत तयार झाली. आजही अनेक पत्तावह्या तिच्यावर चालतात.

आमचा आक्षेप या कल्पनेला नाही, तर वही भरण्याच्या रीतीला आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्याचे उदाहरण घेऊ. समजा, पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला नळेगावच्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना निरोप द्यायचा आहे. वहीत नोंद आहे ती व्यक्तीच्या नावाने आणि तिच्या खासगी मोबाइल क्रमांकाने. बदली झाली, की शाळा जागेवर राहते, क्रमांक मात्र गुरुजींबरोबर दुसऱ्या गावी जातो. निरोप चुकीच्या माणसाच्या हाती पडतो आणि पाठवणाऱ्याला 'पोहोचला' एवढेच दिसते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या या जिल्ह्याला निरोप वेळेवर व योग्य ठिकाणी पोहोचण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

गंमत अशी, की मानकात याची सोय आधीपासूनच आहे. त्यात 'व्यक्ती' हा नोंदीचा जसा एक प्रकार आहे, तसा 'संस्थेतील पद' हाही स्वतंत्र प्रकार आहे. पदाच्या नोंदीत 'सध्या या पदावर कोण' असा एक रकाना असतो. बदली झाल्यावर तेवढाच बदलायचा, पत्ता तोच राहतो. शाळेला यू-डायसचा ११ अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले २७ महाराष्ट्राचे, पुढचे २८ लातूर जिल्ह्याचे. शाळेची ओळख इतकी पक्की असताना तिचा पत्ता माणसागणिक का बदलावा? शिवाय पदाचा पत्ता दिला, की शिक्षक-शिक्षिकांचे खासगी क्रमांक साऱ्या तालुक्यात फिरवण्याचे कारणही उरत नाही.

दुसरा दोष लिपीचा. नावे रोमन लिपीत भरली जातात. याच तालुक्यातील 'वडवळ' घ्या. यात दोन 'व' आहेत आणि प्रत्येक 'व' व्ही किंवा डब्ल्यूने लिहिता येतो. म्हणजे चार स्पेलिंगे झाली. उच्चारावरून नाव शोधणारी 'साउंडेक्स' पद्धत अमेरिकेत १९१८ पासून आहे, पण ती येथे उपयोगी पडत नाही. ती पहिले अक्षर तसेच ठेवते व पुढच्या व्यंजनांना अंक देते. दोन्ही 'व' व्हीने लिहिले तर सांकेतांक येतो व्ही-३१४, डब्ल्यूने लिहिले तर डब्ल्यू-३४०. गाव एकच, पण यंत्राच्या लेखी दोन! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. मूळ नोंद देवनागरीत ठेवून रोमन रूपे तिला जोडली, तर हा घोळ बराचसा मिटेल.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. मुलांना आपल्या गावाचे नाव एकमेकांचे न पाहता रोमन लिपीत लिहायला सांगावे आणि फळ्यावर वेगवेगळी रूपे मोजावीत. मग विचारावे, यातले एकच रूप वहीत असेल, तर किती जणांना आपले गाव सापडेल? नंतर शाळेच्या दर्शनी फलकावरील क्रमांक पाहावा. तो शाळेचा आहे की कुणा एकाचा? आज्ञावली कितीही महागडी असली, तरी कोणत्या रकान्यात काय भरायचे, हे माणसांनीच ठरवायचे असते.