गिलचे, बर्गी आणि जेरी: शत्रूला ठेवलेल्या नावांविषयी

आमच्या इमारतीत दर उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं आणि माळ्यावरचे दोन जेरीकॅन खाली उतरतात. निळ्या प्लास्टिकचे, २० लिटरचे. या रोजच्या शब्दात एक शत्रू बसलेला आहे, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. १९३०च्या दशकात जर्मन सैन्यासाठी २० लिटर इंधन मावेल असा पत्र्याचा भक्कम डबा तयार करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ते डबे ब्रिटिशांच्या हाती लागले. त्यांचे स्वतःचे डबे पातळ पत्र्याचे होते आणि फार गळायचे. त्यांनी जर्मन डब्याची सरळ नक्कल केली आणि त्याला नाव दिलं जेरीकॅन. जेरी म्हणजे जर्मन सैनिक.

जर्मनाचा जेरी कसा झाला, याच्या दोन कथा सांगतात. पहिली साधी आहे: ‘जर्मन’चं हे लाडिक लघुरूप. दुसरी अशी की, इंग्रजी बोलीत जेरी म्हणजे रात्री खाटेखाली ठेवायचं लघवीचं भांडं, आणि १९१६ पासून जर्मन सैनिक घालू लागले ते पोलादी शिरस्त्राण तसं दिसायचं. दुसरी कथा जास्त रंगतदार, म्हणून जास्त सांगितली जाते.

शब्दांच्या उगमांविषयी लिहिण्याची एक ठरून गेलेली रीत आहे. शब्द घ्यायचा, त्याची गमतीशीर जन्मकथा सांगायची आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. असं लेखन मीही आवडीनं वाचत आले आहे. पण युद्धातल्या टोपणनावांच्या बाबतीत ही रीत मला आता खटकते. तिथे ‘हा शब्द कुठून आला’ एवढं विचारून भागत नाही. तो कुणाला हवा होता आणि त्यानं कुणाची सोय झाली, हे विचारावं लागतं. आणि मग सहसा असं आढळतं की शत्रूच्या नावात शत्रूबद्दलची माहिती थोडीच असते. नाव ठेवणाऱ्याची बरीच असते.

‘हूण’ घ्या. २७ जुलै १९०० रोजी ब्रेमरहाफेन बंदरात कैसर दुसरा विल्हेल्म चीनमधलं बॉक्सर बंड मोडायला निघालेल्या सैनिकांपुढे बोलला. अ‍ॅटिलाच्या हूणांचं नाव जसं हजार वर्षं दहशतीनं घेतलं जातं, तसं तुमचं नाव चीनमध्ये घेतलं जाऊ द्या, कुणाला जिवंत धरू नका, असा त्या भाषणाचा आशय होता. १९१४ साली जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांना आयता शब्द मिळाला. जर्मनांनी स्वतःच स्वतःला हूण म्हटलं होतं की! ही कथा इथेच संपवतात. पण १९००च्या त्या मोहिमेत ब्रिटनही सामील होतं आणि त्याच्या पदरचे हिंदी शिपाईही पेकिंगपर्यंत गेले होते. चिनी माणसाच्या वाट्याला येणारा हूण लंडनला तेव्हा सोबती म्हणून चालला. तोच बेल्जियमच्या वाट्याला आला, तेव्हा ती शिवी झाली.

व्हिएतनाममधला ‘चार्ली’ याहून कोरडा. व्हिएत काँग या नावाची दोन आद्याक्षरं व्ही आणि सी. रेडिओवर अक्षरं नीट ऐकू जावीत म्हणून ठरवलेल्या वर्णमालेत त्यांचा उच्चार व्हिक्टर आणि चार्ली. त्यातला व्हिक्टर, म्हणजे विजेता, गळाला आणि चार्ली उरला. मुळात व्हिएत काँग हेही त्या माणसांनी घेतलेलं नाव नव्हतं. त्यांची संघटना स्वतःला राष्ट्रीय मुक्ती आघाडी म्हणवत होती. व्हिएत काँग हा सायगावच्या सरकारनं रूढ केलेला हेटाळणीचा शब्द. म्हणजे एका टोपणनावाची आद्याक्षरं, आद्याक्षरांचे रेडिओतले उच्चार आणि त्यातलाही अर्धाच. जंगलात बसलेल्या माणसापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

काही जन्मकथा मात्र गंमत म्हणूनही ऐकू नयेत. अमेरिकी सैनिक आशियाई माणसांना ‘गूक’ म्हणत. हा शब्द कोरियात जन्मला असं सांगतात. कोरियन भाषेत मिगूक म्हणजे अमेरिका. मुलं गोऱ्या सैनिकांकडे बोट दाखवून ‘मिगूक’ म्हणाली, सैनिकांना ते इंग्रजीत ‘मी गूक’, म्हणजे ‘मी गूक आहे’, असं ऐकू आलं आणि नाव पडलं. कथा छान बसते. पण कोरियन युद्ध सुरू झालं १९५० साली, आणि अमेरिकी मरीन सैनिक हैतीतल्या लोकांना याच शब्दानं हाक मारत असल्याची छापील नोंद १९२०ची आहे. मग कोरियाची कथा इतकी लोकप्रिय का? कारण तिच्यात शिवी देणारा निर्दोष सुटतो. त्या लोकांनीच आपलं नाव सांगितलं, आम्ही फक्त ऐकलं! उगमाची कथा इथे शिवीची वकिली करते.

दुसऱ्यांच्या शब्दांची अशी झडती घेणं सोपं आहे. आपल्या घरातलं काय?

एक बाजू आपल्याला बोलायला आवडते. २९ मार्च १८५७ला बराकपूरला मंगल पांडेनं हत्यार उचललं आणि त्यानंतर ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी प्रत्येक बंडवाला शिपाई ‘पँडी’ झाला. एका माणसाचं आडनाव हजारोंना चिकटवलं की समोरचा कोण, कुठला, कशासाठी लढतोय, हे प्रश्न उरत नाहीत. हे वाचताना आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे.

आता ‘गिलचे’ घ्या. पानिपतावरचं मराठी लेखन, अगदी भाऊसाहेबांच्या बखरीपासून, अब्दालीच्या सैन्याला गिलचे म्हणतं. हा शब्द आला घिलझाई या पठाणी टोळीच्या नावावरून. अहमदशहा मात्र अब्दाली टोळीचा; १७४७ साली सत्ता हाती आल्यावर त्यानं टोळीचं नाव दुराणी केलं. घिलझाई आणि अब्दाली हे जुने प्रतिस्पर्धी. कंदाहारवर आधी घिलझाईंचं राज्य होतं. १७३८ साली नादिरशहानं ते बुडवलं, तेव्हा अब्दाली नादिरच्या बाजूनं होते. त्यामुळे अब्दालीच्या फौजेला सरसकट गिलचे म्हणणं म्हणजे होळकरांच्या फौजेला शिंद्यांची माणसं म्हणण्यासारखं झालं. त्या फौजेत नाना टोळ्यांचे लोक होते, पण आपल्याला एक शब्द पुरला.

ही चूक १७६१च्या पत्रलेखकाला माफ आहे. त्याच्या डोळ्यांसमोर लढाई होती. माझी तक्रार नंतरच्या लेखकांबद्दल आहे. आपल्या बाजूच्या माणसांना या लेखनात गावं आहेत, घराणी आहेत, हेवेदावे आहेत. समोरून येतो तो फक्त गिलचा: उंच, दाढीवाला, क्रूर. तो कुठून आला, कुणाच्या पगारावर, त्याच्या मागे काय भांडणं होती, हे विचारायची गरज या शब्दानं संपवून टाकली. ज्या पराभवाबद्दल आपण अडीचशे वर्षं बोलतो आहोत, तो पराभव करणाऱ्यांविषयी आपलं कुतूहल एवढं कमी का, याचं थोडं उत्तर या तीन अक्षरांत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहायला आलं. दुपारी भिंतीपलीकडून आई मुलीला झोपवताना गायची. चाल इतकी गोड की मी एकदा अर्थ विचारला. ती सांगू लागली: बाळ झोपलं, पाडा शांत झाला, बर्गी आले, पाखरांनी धान्य खाल्लं, आता सारा कशातून भरायचा. “बर्गी म्हणजे?” मी विचारलं. ती जरा थांबली, हसली आणि म्हणाली, “दीदी, बर्गी मतलब... आप लोग.”

बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठा घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा, पगारी, तो बारगीर. हा हजेरीपटावरचा शब्द. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले आणि पुढची नऊ वर्षं या स्वाऱ्या चालू राहिल्या. १७५१च्या तहात नवाब अलीवर्दीखानानं वर्षाला १२ लाखांची चौथाई कबूल केली, ओरिसाचा महसूल सोडला, तेव्हा त्या थांबल्या. आपल्याकडे ही मोहीम येते ती चौथाईच्या हिशेबात. बंगालच्या खेड्यातल्या माणसाला सरदार कोण आणि चौथाई कसली याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याच्या दारात आला तो बारगीर. त्यानं सगळ्यांना तेच नाव दिलं. शिलेदार हे आपल्याकडे मानाचं आडनाव झालं आणि त्याच पटावरचा दुसरा शब्द दीड हजार किलोमीटरवर बागुलबुवा झाला.

या स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या कवीनं बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं. हस्तलिखितावरचा काळ १७५१चा, म्हणजे आठवण ताजी असतानाचा. मला या काव्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, पळणाऱ्या माणसांची यादी. पोथ्यांची गाठोडी घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, जाळी घेतलेले कोळी. प्रत्येक जण आपल्या धंद्याच्या साधनासकट पळतो आहे. दुसरी, गोष्टीची चौकट. बंगालमध्ये पाप माजलं म्हणून देवच मराठ्यांना पाठवतो, आणि त्यांनी ब्राह्मण, वैष्णव, बायका यांच्यावर हात टाकल्यावर देवीच त्यांच्यावर उलटते. भास्करपंत काटव्याला दुर्गापूजा मांडतात आणि ती अर्धवट राहते. १७४४ साली नवाब त्यांना भेटीला बोलावून मारतो. लिहिणारा हिंदू, लुटणारे हिंदू, वाचवू पाहणारा मुसलमान नवाब. आज आपण ज्या खणांत इतिहास ठेवतो त्यांत हे काव्य मावत नाही. पण गंगारामाचीही एक मर्यादा आहे. पळणाऱ्यांना त्यानं चेहरे दिले. बर्ग्यांमध्ये ठसठशीत नाव उरतं ते भास्करपंतांचं. बाकीचे नुसते बर्गी. आपण गिलच्यांचं केलं तेच त्यानं आपलं केलं. फरक एवढाच की खेडी त्याची जळत होती.

असं असेल, तर साहित्यानं करायचं काय? नाव उलटं फिरवून एका माणसाला परत द्यायचं, हे एक उत्तर. एरिश मारिया रेमार्कच्या १९२९ साली पुस्तकरूपानं आलेल्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये असा प्रसंग आहे. तोफगोळ्यानं पडलेल्या खड्ड्यात पाउल बॉयमर अंगावर पडलेल्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मग त्याचं मरण जवळून बघत तिथेच अडकतो. शेवटी तो त्याचं पाकीट उघडतो. बायकोचे आणि लहान मुलीचे फोटो, आणि नाव: जेरार द्युवाल, छापखान्यात खिळे जुळवणारा. सैनिकाच्या कागदपत्रांचा हा विरोधाभास पाहा. ब्रिटिश सैनिकाला सगळे ‘टॉमी’ म्हणत, ते नाव त्यांच्याच लष्कराच्या नमुना अर्जांवरच्या टॉमस अ‍ॅटकिन्सवरून आलेलं. एक कागद लाखो माणसांचा एक टॉमी करतो, दुसरा कागद शत्रूचा द्युवाल करतो.

पण रेमार्क इथेच थांबला असता तर प्रसंग भाबडा झाला असता. खड्ड्यात पाउल मेलेल्या माणसाला शब्द देतो, त्याचं नाव आयुष्यभर बाळगेन असं त्याला वाटतं. तुकडीत परतल्यावर सोबती समजूत घालतात, आणि युद्ध ते युद्धच म्हणत तोही सावरतो. नाव कळलं म्हणून ते टिकत नाही, इतकं कडू सत्य ही कादंबरी सांगते. पानिपतावरच्या आपल्या लेखनात मला असा खड्डा अजून सापडलेला नाही.

आपल्या भाषेला हे जमणार नाही असं नाही. ‘गनीम’ हा शब्द मोगल दरबारच्या फारसी लिखाणात मराठ्यांसाठी यायचा. लुटीला म्हणतात त्या ‘गनीमत’शी त्याचं नातं. आपण तो घेतला, आपल्या शत्रूंना लावला, आणि गनिमी कावा, शब्दशः शत्रूचा कावा, हे आपल्याच युद्धपद्धतीचं अभिमानाचं नाव झालं. शत्रू कोण हे बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरतं, ही गोष्ट आपल्या कोशात आहे. ती वाचायची तेवढी राहिली आहे.

शेजारची ती मुलगी आता मराठी फडाफडा बोलते. मध्यंतरी इतिहासाचा अभ्यास करताना माझ्याकडे आली. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक तिला पाठ करायचा होता. पाठ झाल्यावर तिनं विचारलं, “मावशी, हा बारगीर आणि आईच्या गाण्यातला बर्गी एकच का?”

मी हो म्हटलं. मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि कटक, काटवा, नागपूर नकाशात कुठे आहेत ते तिला दाखवायला बसले.