‘कुली’ ते ‘आप्रवासी’: एका घाटाचे वाचन

स्मारक ही एक संहिता मानली, तर तिचे शीर्षक हा तिच्या अर्थनिर्णयनातील पहिला घटक ठरतो. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातील ‘आप्रवासी घाट’ २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्याचे पूर्वीचे नाव ‘कुली घाट’.

या नामांतरामागील भावना समजण्याजोगी आहे. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, तरी उसाच्या मळ्यांची मजुरांची गरज संपली नव्हती. १८४९ मध्ये या डेपोची उभारणी सुरू झाली आणि १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर उतरले. बहुसंख्य कलकत्त्याहून आले. मद्रास व मुंबई बंदरांतूनही आले, आणि त्यांत मराठी भाषकही होते. ‘कुली’ हा शब्द पुढे शिवीसारखा वापरला गेला. वंशजांना तो पुसावासा वाटला, यात नवल नाही.

तथापि ‘आप्रवासी’ या शब्दात येणारा तेवढा उरतो. आणणारा, मोजणारा, राबवणारा वाक्याबाहेर जातो. एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘डबल कट’, किंवा १८६७ च्या कायद्यानुसार करार पुरा केलेल्यांनाही जवळ बाळगावा लागणारा छायाचित्रासहितचा परवाना, या गोष्टी आप्रवासाच्या नव्हेत. त्या ‘कुली’ या संज्ञेने नेमक्या दर्शविलेल्या श्रमसंबंधाच्या आहेत. प्रतिष्ठा मिळाली, पण प्रतिपक्ष अदृश्य झाला.

येथे साहित्याची वाट वेगळी दिसते. अभिमन्यु अनत यांनी १९७७ मधील आपल्या हिंदी कादंबरीला ‘लाल पसीना’ हे नाव दिले. शीर्षकात प्रवास नाही, घाम आहे. मॉरिशसचेच कवी खाल तोराबुली यांनी तर १९९२ मध्ये ‘कुलित्यूद’ ही संकल्पना मांडताना तोच हिणकस शब्द हेतुपुरस्सर परत घेतला. मला हा मार्ग अधिक धाडसी वाटतो. (मराठी समीक्षेत ‘घाट’ म्हणजे रूप. आशयाला सोयीचा घाट दिला की काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.)

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. त्यांत प्रत्येक माणसापुढे एक क्रमांक आहे. वंशज आज पूर्वजांचा शोध घेतात तो मळ्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या याच नोंदींतून.