डोंगरातल्या विमानाचा माग

अल्ट्रालाइट विमानासाठी मागोवा यंत्र निवडताना सगळा भर संकटात दाबायच्या बटनावर दिला जातो. आमचा आक्षेप इथेच आहे. डोंगरावर आदळल्यावर वैमानिकाचा हात बटनापर्यंत पोचेलच, हे गृहीत कसे धरायचे?

३ सप्टेंबर २००७ रोजी स्टीव्ह फॉसेट अमेरिकेतील नेवाडातून छोट्या विमानाने निघाले. विमान अल्ट्रालाइट नव्हते, अडचण मात्र तीच. अपघाताचा कोणताही संदेश आला नाही. महिनाभर शोध चालला. अवशेष सापडले ते २००८च्या ऑक्टोबरात, सिएरा नेवाडाच्या उतारावर.

आल्प्समधील ग्लायडरवाले वापरतात ते फ्लार्म टक्कर टाळायला उत्तम, पण त्याच्या रेडिओलहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपले. मोबाइलचेही दरीत तेच होते. म्हणून उपग्रहाकडे ठरावीक वेळाने आपले स्थान आपणहून कळवणारे यंत्र आम्हाला बरे वाटते. मात्र किती वेळाने, हे आधी विचारावे.

ताशी ९० किलोमीटर वेगाने विमान १० मिनिटांत १५ किलोमीटर जाते. शेवटच्या संदेशानंतर ते कुठेही वळले असेल, म्हणजे शोधायचे वर्तुळ सुमारे ७०७ चौरस किलोमीटर! दर २ मिनिटांनी संदेश असेल तर त्रिज्या ३ किलोमीटर, क्षेत्रफळ जेमतेम २८. वेळ पाचपट कमी, क्षेत्र पंचवीसपट कमी. शिवाय अरुंद दरीत आकाशाचा तुकडाच दिसतो, एखादा संदेश हुकतोच. तेव्हा १० मिनिटांचे २० होतात. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ विद्यार्थ्यांनीच काढावे.