चाड्यावरची मूठ आणि जेथ्रो टल

पेरणीयंत्राचे जनकत्व आपल्याकडच्या लेखनातही बहुधा जेथ्रो टल या इंग्रज जमीनमालकाला दिले जाते. साल १७०१. पण १७३३ साली पूर्ण स्वरूपात निघालेला त्याचा ‘हॉर्स-होइंग हज्बंड्री’ हा ग्रंथ वाचताना मला तो शोधापेक्षा भांडणाचा ग्रंथ वाटला. टलला सेनफॉइन हे चाऱ्याचे पीक चरांत, विरळ पेरायचे होते. मजुरांनी एकदा ते हाताने केले. पुढे मात्र नकार दिला. मग मजुरावाचून पेरेल असे काही घडवायचे त्याने ठरवले. कळ सापडली ती ऑर्गन या वाद्यात: खाच, जीभ आणि स्प्रिंग. चाकाबरोबर फिरणारा खाचांचा रूळ बी मोजून सोडू लागला.

ग्रंथकार म्हणून टल हट्टी. झाडे मातीचे बारीक कण खातात, सबब खत नको, हा त्याचा सिद्धांत साफ चुकला. ओळींमधून कुळवणी करण्याचा उपदेश टिकला.

आपल्याकडे या टलमाहात्म्याला एक ठरलेले उत्तर आहे. धरमपाल यांनी १९७१ साली अठराव्या शतकातील भारतीय विज्ञानावर जे इंग्रजी संकलन काढले, त्यात कॅप्टन हॅल्कॉटचे लेखन आहे. पेरणीचे अवजार हा युरोपचा नवा शोध, अशी त्याची समजूत होती. दक्षिण हिंदुस्थानात ते सर्रास चालताना पाहून त्याने १७९५ साली लंडनच्या कृषी मंडळाला कळवले. पुरावा मोलाचाच. पण ‘आमची तिफण आधीची’ एवढे म्हणून थांबणारे वाचन मला अपुरे वाटते.

तिफणीला फण आहेत, नळ्या आहेत, चाडे आहे. बी मोजणारा भाग नाही. ते काम मुठीचे. बैलांची चाल, जमिनीचा वाफसा, दाण्याचा आकार पाहून बोटे सैल-घट्ट होतात. बाजरी आणि हरभरा एकाच मुठीने सुटत नाहीत. (हे विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून कळत नाही, हेही खरे.) टलने काढून टाकली ती नेमकी ही मूठ. ओळीत पेरणे त्याचे नव्हे, हे मान्य. पण हात नको म्हणून यंत्र, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. आधी कोण, या वादात दोन्ही पक्ष अवजारे मोजत बसतात.

आजच्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात पीक बदलले की बी सोडणारी तबकडी बदलतात. आणि टलचे ते मजूर? ग्रंथात ते भेटतात ते मालकाच्या तक्रारीतूनच.