कवितेंतला गांधी आणि कायदा

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील सर्वोच्च न्यायालयाचा १४ मे २०१५ चा निर्णय रसिकांस खटकावा असाच आहे. मार्चमध्यें याच न्यायालयानें, आमच्या भाईंदरच्या उत्तरेस पालघर येथें २०१२ सालीं झालेल्या अटकांच्या निमित्तानें आलेल्या याचिकेवर, माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६अ रद्द केलें होतें. येथें मात्र वंद्य ऐतिहासिक पुरुषाचें नांव आलें कीं अश्लीलतेची कसोटी अधिक कडक, असें ठरलें. दिलगिरी व्यक्त करणारा प्रकाशक सुटला. कवीवरील खटला राहिला! कवितेंतला गांधी हें पात्र आहे. प्रहार त्याच्यावर कीं त्याच्या नांवावर जगणाऱ्यांवर, हें सुटे शब्द निवडून कसें कळावें? नव्या न्यायसंहितेच्या कलम २९४ मध्येंही वाङ्मयास सूट आहे. परंतु ती सिद्ध करण्याचा भार लेखकावरच. तो फिर्यादी पक्षावर टाकणें, ही पहिली दुरुस्ती होय.