चित्रातला हात

जीन ह्यूगार्ड आणि फ्रेडरिक ब्राऊ यांच्या ‘द रॉयल रोड टु कार्ड मॅजिक’ या पुस्तकात आपली गाठ पडते ती मुख्यतः हातांशी. फ्रँक रिग्नीनं साध्या रेघांनी काढलेले हे हात आहेत. त्यांत नखरा नाही, छायाप्रकाशाची करामत नाही. अंगठा कुठे, करंगळी कुठे, पानाचा कोपरा कोणत्या पेराशी टेकला आहे, एवढंच ते सांगतात. पुस्तक १९४० च्या दशकाच्या अखेरचं आहे आणि आजही पत्त्यांची हातचलाखी शिकू पाहणाऱ्याच्या हातात अनेकदा पहिल्यांदा तेच दिलं जातं. ते मी जादू शिकण्यासाठी उघडलं. आता मात्र एखादं चित्रांचं पुस्तक चाळावं तसं, एकेका रेघेवर थांबत वाचतो.

उत्तरार्धात ‘हिंदू शफल’चं प्रकरण येतं. आपल्याकडच्या वाचकाला ते उघडताच घरची माणसं भेटल्यासारखं होतं. अमेरिकन माणूस कॅटाचे दोन भाग करून त्यांची टोकं एकमेकांत फर्रकन सोडतो. आपण तसं पिसत नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात कॅट दोन्ही कडांनी धरायचा, डाव्या हाताच्या बोटांनी वरची चार-पाच पानं ओढून तळव्यात पाडायची, पुन्हा ओढायची, पुन्हा पाडायची. आमच्या अवसरी बुद्रुकच्या पारावर दुपारी डाव पडला की हेच पिसणं. जत्रेत बैलगाड्यांच्या बाऱ्या सुरू व्हायची वाट बघत घाटावर बसलेली मंडळी पिसतात तेही असंच. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मोठ्यांचे हात बघून ते आपल्या हातात उतरलेलं असतं.

आणि नेमकं इथेच पुस्तक आपल्याला थक्क करतं. प्रेक्षक निवडलेलं पान डाव्या तळव्यातल्या ढिगावर परत ठेवतो. उजव्या हातातला उरलेला कॅट त्यावर येतो, आणि येता येता उजवा अंगठा आणि मधलं बोट त्या ढिगातली वरची थोडी पानं चिमटीत उचलून घेतात, मूळ कॅटाखाली, किंचित फट ठेवून. मग पिसणं पहिल्यासारखंच चालू. शेवटी हातात फक्त ती चिमूट उरते. ती वर टाकली की निवडलेलं पान सगळ्यात वर. ज्या हालचालीच्या आत एवढी रिकामी जागा आहे, ती आपण पिढ्यान् पिढ्या मेंढीकोट आणि झब्बूसाठी वापरत आलो. हे कळल्यावर गुपित समजल्याच्या आनंदाहून एक वेगळा आनंद मला झाला. रोजचा हात पहिल्यांदाच नीट दिसला.

आता चित्राकडे बघा. ती फट प्रत्यक्षात जेमतेम केसाएवढी हवी. पण केसाएवढी फट कागदावर काढली तर छापताना ती बुजेल आणि वाचकाला काहीच दिसणार नाही. म्हणून या विषयाच्या चित्रकाराला अतिशयोक्ती करावी लागते. जे झाकायचं तेच त्याला उघडं करून काढावं लागतं. ओव्हरहँड शफलमध्ये एक पान स्वतःच्या अंगाकडे जरासं पुढे काढून ठेवतात. चित्रात ते ठळक बाहेर आलेलं असतं, हातात मात्र ते अंगठ्याला लागावं आणि डोळ्याला दिसू नये. म्हणजे विद्यार्थ्यानं आधी चित्राबरहुकूम चुकीचं करायचं आणि मग दिवसेंदिवस चित्रापासून दूर जायचं. चित्र जसजसं हातातून पुसलं जातं, तसतशी कला हाताला लागते. चित्र बघून रांगोळी काढणारा शेवटपर्यंत चित्राशीच ताडून पाहतो. इथे चित्राशी तंतोतंत जुळणारा हात कच्चा.

दुसरी गंमत नजरेच्या जागेची. कित्येक चित्रं करणाऱ्याच्या बाजूनं काढलेली असतात. आपण आयुष्यभर जादूच्या समोर बसलो; इथे चित्रकार आपल्याला पलीकडे नेऊन बसवतो, जादूगाराच्या छातीशी. आरशासमोर बसलं की दोन्ही बाजू एकदम दिसतात, खाली मान घातली की पुस्तकातलं चित्र आणि वर बघितलं की प्रेक्षकाला दिसणारं.

चित्राला काळ मात्र दाखवता येत नाही. आकृती एक आणि आकृती दोन यांच्यामधला अर्धा सेकंद कागदावर नसतो, तो वाक्यानं भरावा लागतो. ह्यूगार्ड-ब्राऊंची वाक्यं क्रियापदांवर उभी आहेत: धरा, ओढा, सोडा, टेकवा. ह्यूगार्ड जन्मानं ऑस्ट्रेलियन. उतारवयात त्याची दृष्टी गेली. त्याच्या नावावरची वर्णनं वाचताना मला हे वारंवार आठवतं, कारण ती बोटांनी वाचता येतील इतकी स्पर्शाची आहेत. पुस्तकाची मांडणीही शहाणी आहे. एक युक्ती शिकवायची आणि लगेच तेवढ्याच शिदोरीवर होणारे प्रयोग द्यायचे. पुढचं प्रकरण मागच्यावर उभं राहतं. त्यापुढे १९०२ सालचं एर्डनेजचं ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ अधिक काटेकोर आहे, त्यातली एम. डी. स्मिथची चित्रंही अप्रतिम आहेत; पण नवशिक्याकडे ते मायेनं बघत नाही. शिकवण्याचा प्रेमळपणा मला ‘रॉयल रोड’मध्येच सापडतो.

चित्रांतून जादू उलगडण्याच्या इंग्रजी परंपरेचं मूळ मात्र करमणुकीत नाही. रेजिनाल्ड स्कॉटनं १५८४ साली इंग्लंडमध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ लिहिलं ते चेटकिणी ठरवून बायकांचे बळी घेणाऱ्यांविरुद्ध. त्यात त्यानं हातचलाखी उलगडली आणि जिभेतून आरपार गेल्यासारखा दिसणारा दाभण कसा बनवतात त्याचं चित्र छापलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागचं कारणही सांगतात, तेव्हा मला ते चार शतकांपूर्वीचं पान दिसतं. गुपित उघडं करणं ही जादूशी केलेली बेइमानी आहे असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर तेच पान आहे.

अर्थात पुस्तकाशिवायही जादू शिकली जाते, आणि आमच्या भागात तिचं मोठं उदाहरण आहे. जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, शेजारच्या खेड तालुक्यातल्या आंबेठाणचे. त्यांच्या घराण्यात ही कला नातवापर्यंत, जितेंद्र रघुवीर यांच्यापर्यंत आली. घरात वाढलेल्या मुलाला हालचालीतला तो अर्धा सेकंद रोज समोर दिसतो. पुस्तकावर शिकणाऱ्याला तो स्वतः घडवावा लागतो. म्हणून तो उशिरा शिकतो. पण त्याच्या हाताची लय कुणाची नक्कल नसते, आणि हे पुस्तकी विद्येचं बळ आहे असं मी मानतो.

‘रॉयल रोड’चं एकच अंग मला परकं राहिलं. प्रयोग करताना बोलायची जी वाक्यं त्यात दिली आहेत, ती अमेरिकन दिवाणखान्यातली आहेत. मराठीत आणली की ती नाटकी वाटतात, आणि बोलणं नाटकी झालं की प्रेक्षक हातांकडे बघू लागतात. चित्रातल्या हातांना चेहरा नाही, तसा आवाजही नाही. तो आपला आपण द्यायचा. मी हिंदू शफलसाठी मेंढीकोटातला बंद हुकूम घेतो. समोरच्यानं पान निवडलं की म्हणायचं, हा तुमचा हुकूम, कुणाला दाखवू नका, ठेवा आत. बंद हुकूम लपवून ठेवायचा असतो आणि तो वेळेवर उघडायचा असतो, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यामुळे तो पिसण्याकडे बघत बसत नाही, हुकूम कधी उघडतो याची वाट बघतो. चिमूट उचलायला तेवढा वेळ पुरतो.