गर्दीतून पुढे आलेला आवाज

जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'ची सुरुवात आजही धाडसाची वाटते. बीटल्स फुटून सात महिने झालेले, नोव्हेंबर १९७०मध्ये तीन तबकड्यांची भलीमोठी पेटी बाजारात येतेय, सगळ्यांचे कान टवकारलेले. अशा वेळी हा गृहस्थ पहिलं गाणं कोणतं ठेवतो? बॉब डिलनबरोबर मिळून रचलेलं, विलंबित चालीचं 'आय'ड हॅव यू एनीटाइम'. 'व्हॉट इज लाइफ'चा दणका हाताशी असताना त्यानं दार हळूच उघडलं. माणूस लाजरा आहे, हे त्यानं पहिल्याच गाण्यात सांगून टाकलं. गंमत अशी, की पुढची पन्नास वर्षं हा लाजरा माणूस त्याच्याच अल्बमच्या गोंगाटात थोडा मागे उभा होता.

६ ऑगस्ट २०२१ला आलेल्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीनं त्याला पुढे आणलं. अशा आवृत्त्यांवर 'रीमास्टर्ड'चा शिक्का असतोच, पण इथलं काम त्याहून खोल आहे. २००१ आणि २०१४ सालच्या आवृत्त्यांत मूळ मिश्रण तसंच ठेवून त्यावरची धूळ झटकली होती. या वेळी पॉल हिक्सनं आठ ट्रॅकच्या मूळ टेपांपर्यंत जाऊन सगळं मिश्रण नव्यानं बांधलं, जॉर्जचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली. इच्छा मात्र जॉर्जचीच होती. २००१च्या आवृत्तीच्या वेळी त्यानं स्वतःच लिहिलं होतं, की या गाण्यांना त्या अवाढव्य घुमाऱ्यातून सोडवावंसं वाटतं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला तो गेला आणि काम राहून गेलं.

हा घुमारा सहनिर्माता फिल स्पेक्टरचा. एकाच खोलीत दोन ड्रमवादक, तीन-चार अकूस्टिक गिटारी, पियानो, ऑर्गन, ब्रास असे सगळे एकदम वाजवायचे आणि वर प्रतिध्वनी ओतायचा, ही त्याची रीत. रिंगो स्टार, क्लाउस फोरमान, एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, बॅडफिंगरची पोरं, नॅशव्हिलहून आलेला पेडल स्टीलवाला पीट ड्रेक, अशी नामांकित मंडळी त्या गर्दीत विरघळून गेली आहेत. पण सगळं खापर स्पेक्टरवर फोडणं अन्यायाचं होईल. ऑगस्ट १९७०मध्ये त्यानंच हॅरिसनला सविस्तर पत्र लिहून बजावलं होतं, की तुझा आवाज नीट ऐकू आला पाहिजे. आवाज दडवला गायकानंच. तो दुपदरी करून, कोरसमध्ये मिसळून त्यानं स्वतःला झाकून घेतलं. हा कोरस, म्हणजे मूळ श्रेयनामावलीतले 'जॉर्ज ओ'हारा-स्मिथ सिंगर्स', तोही बहुतांशी जॉर्जच!

आता 'बिवेअर ऑफ डार्कनेस' ऐका. त्याची चाल मुळातच सरळ रस्त्यानं जात नाही. एका स्वरसंगतीवरून दुसरीवर जाताना पायाखालची पायरी अचानक सरकते, आणि गाणं सावध राहायला सांगत असल्यानं ही अस्थिरता नेमकी शोभते. जुन्या मिश्रणात त्या पायऱ्या धुक्यात होत्या. नव्यात गळा जवळ आला आहे. ओळीच्या शेवटी आवाज किंचित बारीक होतो, जोर कमी पडतो की काय असं वाटतं, आणि त्या कमी पडण्यातच गाण्याचा खरेपणा आहे. हॅरिसन काही मोठ्या ताकदीचा गायक नव्हे. पण उपदेश करणाऱ्या गाण्यात पल्लेदार आवाज नकोसा होतो. इथं उपदेश करणारा स्वतःही घाबरलेला आहे, हे कळतं.

'माय स्वीट लॉर्ड'मध्ये आपल्याकडच्या श्रोत्याला आणखी काही सापडेल. अकूस्टिक गिटारींचा तो ठेका आता चकचकीत सुटा झाला आहे, त्यामुळे गाण्याची बांधणी स्पष्ट दिसते. बांधणी नामजपाची आहे. कोरस ख्रिस्ती 'हॅलेलुया'वर श्रोत्याला स्थिर करतो, मग नकळत 'हरे कृष्ण'वर सरकतो आणि शेवटी गुरुस्तोत्रातल्या श्लोकापर्यंत पोचतो. गाणं पुढे जातं ते कथानकानं नव्हे, आवर्तनानं. 'ही'ज सो फाइन' या आधीच्या गाण्याच्या चालीवरून चाललेल्या खटल्यात १९७६ला न्यायालयानं अजाणता केलेल्या नकलेचा ठपका ठेवला. चालीचं साम्य नाकारता येत नाही, पण गाणं उभं आहे ते या आवर्तनावर. आणि ती स्लाइड गिटार! स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी ती रेष म्हणजे मींडच. १९६६मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला तो मुंबईला येऊन राहिला होता. जानेवारी १९६८मध्ये इथल्याच एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं आपल्या पहिल्या एकल अल्बमचा, 'वंडरवॉल म्युझिक'चा, काही भाग मुद्रित केला. त्यात शिवकुमार शर्मांच्या संतूरसोबत चंद्रशेखर नारिंग्रेकरांची सूरबहार आणि एस. आर. केंकरे यांची बासरी होती. सतारीत पारंगत होणं आपल्याला जमणार नाही हे पुढे त्यानं ओळखलं, पण सतारीनं दिलेला कान गिटारीत उतरला.

'इझन्ट इट अ पिटी'च्या मोठ्या रूपात जॉन बारहॅमनं योजलेली तंतुवाद्यं आता थरांनी वर चढताना दिसतात. 'रन ऑफ द मिल'ची ब्रास खणखणीत झाली आहे. इथवर हिक्सला पूर्ण गुण.

'वाह-वाह'मध्ये मात्र फसगत झाली आहे. १० जानेवारी १९६९ला बीटल्सच्या तालमीतून उठून हॅरिसन घरी गेला आणि हे गाणं रचलं. डोकं उठवणाऱ्या कलकलाटाविषयीचं हे गाणं स्वतःच कलकलाट आहे. मूळ ध्वनिमुद्रण ऐकून त्याला ते भयंकर वाटलं होतं, क्लॅप्टनला मात्र फार आवडलं, आणि माझ्या मते क्लॅप्टनचंच बरोबर होतं. नव्या मिश्रणात वाद्यं सुटी झाल्यावर कोण काय वाजवतंय ते समजतं, पण अंगावर येणारी ती आवाजाची भिंत खचते. घुमारा हा प्रत्येक गाण्यातला दोष नव्हता. इथं तो आशय होता.

या पेटीतला खरा ऐवज मात्र २६ आणि २७ मे १९७०च्या कच्च्या मुद्रणांत आहे. पहिल्या दिवशी रिंगो आणि फोरमान सोबतीला, दुसऱ्या दिवशी स्पेक्टरला गाणी ऐकवायला जॉर्ज एकटा. दोन दिवसांत तीस गाणी! बीटल्सच्या प्रत्येक अल्बमवर वाट्याला बहुधा एक-दोनच जागा आल्यामुळे साठलेला हा अनुशेष. हृषीकेशच्या दिवसांतलं 'डेहराडून' त्यात आहे. 'वाह-वाह' इथं नुसत्या गिटारीवर आहे, आणि विरोधाभास असा की नव्या मिश्रणापेक्षा इथं त्यातला राग अधिक पोचतो. 'बिवेअर ऑफ डार्कनेस'मध्ये तो गंमत म्हणून व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइनच्या कंपनीचं नाव गुंफतो. याच क्लाइननं पुढे 'ही'ज सो फाइन'चे हक्क विकत घेतले, म्हणजे धोक्याची सूचना अगदी योग्य पत्त्यावर होती. पेटीतल्या दुसऱ्या एका मुद्रणात, 'इझन्ट इट अ पिटी'च्या चौदाव्या टेकमध्ये, तर तो पुन्हापुन्हा गावं लागल्याची तक्रार त्याच चालीत गातो. अध्यात्माचा गंभीर चेहरा म्हणून ज्याला ओळखतात, तो मुळात मिस्कील लिव्हरपूलकर होता.

तिसऱ्या तबकडीवरच्या 'अ‍ॅपल जॅम'विषयी फार बोलायला नको. चांगले वादक रिकाम्या वेळात वाजवतात तेव्हा मजा त्यांनाच जास्त येते. नवं मिश्रण त्यावर उपाय करू शकत नाही. सर्वांत महागड्या आवृत्तीत लाकडी खोका, मुखपृष्ठावरच्या बागेतल्या बुटक्यांच्या प्रतिकृती आणि रुद्राक्षांची माळ आहे. या सजावटीला २०२२चं ग्रॅमी मिळालं. वैराग्याची गाणी आणि हा थाट यांची सांगड ज्यानं त्यानं घालावी.

विकत घ्यायचीच तर पाच सीडींची साधी पेटी घ्या, आणि ऐकताना उलट्या क्रमानं ऐका: आधी २७ मेचा एकटा जॉर्ज, मग २६ मेचे तिघे, मग नवं मिश्रण. २०१४ची आवृत्ती घरात असेल तर ती टाकू नका. 'वाह-वाह'साठी तीच लागेल.